नारळ ठेवून दिलेली जागा

माझं नाव अनंत धोंडू मांडवकर, गाव वेळशेत, जिल्हा रत्नागिरी, आणि राहतो हितं गल्फात, अबुधाबीकडच्या रुवैसला, कंपनीच्या कॅम्पात. स्कॅफोल्डर आहे मी. म्हणजे रिफायनरीत वेल्डर, पेंटर लोकांना उंचावर काम करायचं असतं ना, तिथं पाइप आणि फळ्या जोडून मचाण बांधून द्यायचं, आणि त्यांचं काम झालं की तेच मचाण परत उतरवायचं. हे आपलं तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, मला जागेच्या कागदाचं सांगायचंय, आणि मी जरा जोरात बोलतो, चालेल ना, कारण काय सांगू तुम्हाला, सातबारा हातात आल्यापासून मी असाच बोलतोय, रूममधली माणसं वैतागलीत, बोलतात अनंता, झाला ना तुझा सातबारा, आता झोपू दे.

तर सुरुवातीपासून सांगतो. आमचा बाबा, धोंडू मांडवकर, अब्दुल रहमान खोतांच्या आंब्याच्या बागेत राखणीला होता. खोत म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार, मुसलमान, पण शिमग्याला पालखी निघाली की त्यांच्या दारात थांबल्याशिवाय पुढं जायची नाय, असा त्यांचा मान. बाबाचं लग्न ठरलं आणि राहायला घर नाय, बागेत एक गवताची खोप होती तेवढीच. तेव्हा खोत बोलले, धोंडू, नवी नवरी काय आंब्यावर बसवणार आहेस, ही बागेच्या कडेची जागा घे, घर बांध, तुझी आणि तुझ्या पोराबाळांची. मग गावकीची जाणती माणसं बोलावली, कोपऱ्यांना दगड पुरले, मधोमध नारळ ठेवला, खोतांनी नारळावर हात ठेवला, बाबाने ठेवला, गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, खलास. झाली जागा आमची. कागद कुणी मागितला नाय, कसा मागणार, समोरच्याने नारळावर हात ठेवल्यावर कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर बोलायचं की तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाय. आमच्याकडं असलं कोण करत नाय.

त्या जागेवर बाबाने मातीचं घर बांधलं, त्यात मी जन्मलो, वाढलो. बाबा गेला, माझं लग्न झालं, आणि मी आलो गल्फला. पहिल्यांदा हेल्पर, मग स्कॅफोल्डर, मग चार्जहँड, म्हणजे दहा-बारा माणसांचा मुकादम आपला. आणि हळूहळू, सुट्टीगणिक, त्या मातीच्या घराचं मी स्लॅबचं घर केलं. मी केलं म्हणतो हां, लक्षात ठेवा, त्याचं पुढं सांगतो. घरपट्टी माझ्या नावावर येते, ग्रामपंचायतीचा शिक्का असतो, ती पावती सुगंधा, म्हणजे आमची मंडळी, देवाच्या फोटोमागं जपून ठेवते. घरपट्टी आपल्या नावाची म्हणजे जागा आपली, असं मी समजायचो, मीच काय, आमच्या अख्ख्या वाडीत सगळे असंच समजतात, तुम्ही आजही जाऊन विचारा. घर आणि घराखालची जमीन ह्यांचे कागद वेगवेगळे असतात हे आम्हाला सांगायला कोण आलंय?

मग एके दिवशी सुगंधाचा फोन. अहो, माणसं आली होती, तीन पायांवरचं मशीन घेऊन, बागेची मोजणी केली, आणि आपल्या पडवीच्या भिंतीवर लाल रंगाने नंबर टाकून गेली. मी बोललो, अगं वायरमन असतील. ती बोलली, वायरमन कशाला बागेतल्या कलमांना फिती लावतील, आणि गावात बोलतात की मुंबईचा कोण तरी पार्टी आहे, वरून समुद्र दिसतो म्हणून त्याला अख्खी बाग पाहिजे, हॉटेल काढणार आहे. मी तिला भिंतीचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. आमच्या पिवळ्या भिंतीवर हा एवढा लाल आकडा, आणि खाली बाण.

आमच्या रिफायनरीच्या गेटबाहेरच्या साईट ऑफिसात फिलिपभाऊ आहेत, वसईचे, डॉक्युमेंट कंट्रोलर, सगळ्या ड्रॉइंगचे आणि परमिटचे कागद त्यांच्या हाताखालून जातात. माणूस दिलदार, पण कागदाच्या बाबतीत एकदम कडक. ड्युटी सुटल्यावर मी त्यांना फोटो दाखवला, बोललो हे काय असेल. ते बघून बोलले, अनंता, हा सर्व्हे नंबर आहे, थांब, आणि त्यांच्या मोबाइलवर सरकारची वेबसाइट काढली, जिल्हा टाकला, तालुका टाकला, गाव टाकलं, तो भिंतीवरचा नंबर टाकला, आणि मला काय माहीत असं होतं, रुवैसच्या पोर्टाकेबिनमध्ये बसून आमच्या वेळशेतची जमीन समोर आली. मी खूश. बोललो, बघा बघा, मांडवकर कुठं लिहिलंय. फिलिपभाऊ वर बघतात, खाली बघतात, परत वर. मग हळूच बोलले, मांडवकर नाय रे कुठं. एकच नाव आहे, जैनब अब्दुल रहमान खोत.

खरं सांगतो, मला भीती वाटली. उंचावर काम करताना कधी वाटली नाय तशी. कमरेला हुक असतो तिथं, हितं काय होतं? पोरीचं लग्न त्या घरातून केलं, आईची शेवटची आंघोळ त्या अंगणात, आणि कागदावर आम्ही कोणच नाय. पार्टीने बाग घेतली तर बागेबरोबर आमचं घर पण त्याचं, लाल नंबर टाकून झालाच होता. फिलिपभाऊ बोलले, घाबरू नको, मालक जिवंत आहे का ते शोध, मालक देणार असेल तर कागद होतो. आणि लवकर शोध, एकदा विकून रजिस्टर झालं की मग कोर्टाच्या पायऱ्या.

जैनब म्हणजे खोतांची मुलगी, एवढं मला माहीत होतं. लग्न होऊन गेली ती गेली, मी तिला कधी नीट बघितलंही नव्हतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, जैनबखाला, म्हणजे जैनबमावशी, कुठं असतात. कोण बोलला मुंब्र्याला, कोण बोलला वारल्या, एकाने तर श्रद्धांजलीचं फूल पण टाकलं. मग त्यांचा भाचा रफीक, जो गावात बाग बघतो, त्याचा फोन आला, बोलला, अनंतदादा, खाला एकदम ठणठणीत आहे, तुमच्याच तिकडं असते, शारजाला, अल नहदाला, मुलाकडं. आता बोला. मी गाव पालथं घालतोय आणि मालकीण माझ्याच देशात, नहदाच्या टॉवरमध्ये.

पुढच्याच सुट्टीला निघालो. रुवैसहून अबुधाबी बस, तिथून शारजा बस, अर्धा दिवस त्यातच जातो. सोबत घेतलं काय, तर एकजण नुकताच गावाहून आला होता त्याच्याकडचा सोडा, म्हणजे सुकवलेली कोळंबी हो, आणि आमसुलं. लिफ्टने वर गेलो, दार उघडलं त्यांच्या मुलाने, इरफानभाई, दुबईत कुठल्या शिपिंगच्या ऑफिसात आहेत. आणि आत सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली म्हातारी, डोक्यावर पांढरी ओढणी, मला बघून बोलते, कोण रे तू. बोललो, खाला, मी वेळशेतचा, धोंडू राखण्याचा पोरगा. अहो, ती म्हातारी काय उजळली! धोंडूचा? बस, बस हितं माझ्याजवळ. आणि मग गाव, विहीर, कुठला आंबा किती गोड, कोण मेलं, कोण कुणाबरोबर पळून गेलं, सगळं विचारून घेतलं. सोडा नाकाजवळ नेऊन डोळे मिटून बसली. जेवायला घातलं, सांदणं केली होती, तांदळाची गोड, वाफवलेली, ती परत बांधून दिली. आणि मी? मी जागेचा शब्दही काढला नाय. जिभेच्या टोकावर आला होता, पण ती इतक्या मायेने वाढतेय आणि मी बोलू काय, खाला, तुमच्या अब्बांनी नारळ ठेवला होता पण मला आता कागद पाहिजे? नाय जमलं. बसमध्ये बसून सांदणं खाल्ली आणि स्वतःला शिव्या घातल्या.

फिलिपभाऊंनी विचारलं, काय झालं. बोललो, जेवलो. ते बोलले, जेवायला गेला होतास काय.

परत गेलो. परत तेच. ह्या वेळी आमसुलं संपली म्हणून कॅम्पाजवळच्या केरळी दुकानातून नुसतीच केळी नेली, खाला बोलली, अरे केळी हितं पण मिळतात. तिचे गुडघे दुखत होते, मी तेल चोळून दिलं, गावच्या शिमग्याची गाणी ऐकवली, आणि आलो तसाच परत. आता फिलिपभाऊ चिडले. बोलले, अनंता, तू काय मुलगी बघायला जातोस, तिकडं तुझी बायको रोज सकाळी उठून तो लाल आकडा बघत असेल आणि तू हितं लाजतोयस. हे मला लागलं. खरंच होतं ते.

तिसऱ्या वेळी मी ठरवूनच गेलो, आणि नशीब बघा, मला बोलावं लागलंच नाय. जेवायला बसलो होतो, इरफानभाई पण होते, त्यांची छोटी मुलगी टॅबवर कार्टून बघत होती. बोलता बोलता इरफानभाई बोलले, अम्मी, बागेच्या पार्टीचा मेल आलाय, अख्खा सर्व्हे नंबर एकत्र घेतोय, नेक्स्ट मंथ फायनल करू. माझा हात ताटातच थांबला. खाला माझ्याकडं बघत होती. म्हातारी माणसं फार बघतात हो, आपल्याला वाटतं त्यांना दिसत नाय. ती बोलली, इरफान, थांब जरा. मग मला बोलली, रुवैसहून इतक्या लांब, परत परत, म्हातारीचे गुडघे चोळायला कोण येत नाय. काय पाहिजे तुला, सांग.

मग सांगितलं सगळं, एका दमात. लाल नंबर, सातबारा, सुगंधा, सगळं. नारळाचं सांगायला लागलो तर तिने हाताने थांबवलं, बोलली, मला काय सांगतोस, मी होते तिथं, फ्रॉकातली पोर होते, सगळ्यात मोठा खोबऱ्याचा तुकडा मला मिळाला होता. आणि मग चिडली की हो माझ्यावर! मला वाटलं कागद मागितला म्हणून चिडली, पण नाय, मागितला नाय म्हणून चिडली. बोलली, मी काय परकी आहे, की कागद मागितलास तर रुसेन? माझ्या अब्बांचा शब्द होता तो, तू गप्प बसलास आणि मी बाग विकली असती तर त्यांचा शब्द खोटा पडला असता, कुणामुळं, तुझ्या लाजेमुळं. मी खाली मान घालून बसलो, पण आतून इतका आनंद झाला होता की विचारू नका, ओरडावंसं वाटत होतं. इरफानभाई पण भला माणूस, बोलले, अम्मी, मला हे माहीतच नव्हतं, घराची जागा वेगळी काढू, पार्टीला पटलं तर घेईल नायतर इन्शाल्ला दुसरा मिळेल.

तेवढ्यात खाला बोलली, पण माझी एक अट आहे. मी बोललो, खाला, बोलाल ते. ती बोलली:

कागद तुझ्या बायकोच्या नावावर होईल. तुझ्या नाय.

मला वाटलं मस्करी करतेय. हसलो. ती हसली नाय. बोलली, ही बाग अब्बांनी माझ्या नावावर का केली माहीत आहे, मला भाऊ होते, सगळे बोलत होते मुलीला कशाला. अब्बा बोलले, मुलग्यांना जग जागा देतं, मुलीला कागदच देतो. माझ्या नवऱ्याला मागं धंद्यात खोट आली तेव्हा त्याने सगळं विकलं, माझे दागिने पण, बाग विकता आली नाय कारण सही माझी लागत होती आणि मी केली नाय. म्हणून आज इरफान पण मला विचारून करतो. विचारतोस ना रे? इरफानभाई बोलले, विचारतो, अम्मी. त्यांच्या मुलीने टॅबवरून मान वर केली आणि विचारलं, दादी, इज दॅट अवर हाऊस? खाला बोलली, नो बेटा, सुगंधा का.

आता खरं सांगू? मला राग आला. खाली उतरलो, रस्त्यापलीकडं कॅफेटेरियात कडक चहा घेतला, दोन दिरहमचा, म्हणजे आपले पन्नासच्या आसपास, इतकी वर्षं झाली तरी मनात गुणाकार होतोच, आणि चहा पीत विचार करत बसलो की ऊन खाल्लं मी, ह्या देशात उन्हाळ्यात पाइपाला हात लावला तर चामडी निघते ती माझी निघाली, पोरीचं बाळपण बघितलं नाय ते मी, आणि घर हिच्या नावावर? उद्या लोक मला हसतील. बसमध्ये पण तेच. कॅम्पाला पोचेपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

सुगंधाला फोन केला. सगळं सांगितलं, अटीसकट. ती बोलली, तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा, माझं काय.

माझं काय! हे ती सहज बोलली, रागाने नाय, आणि तेच मला टोचलं. मी रात्रीचं जेवण तसंच ठेवलं आणि विचार करत बसलो की घर मी बांधलं, मी बांधलं म्हणतो, पण मी त्याची एक वीट उचललेली नाय. पाया खणला तेव्हा मी हितं, कॉलम उभे केले तेव्हा मी हितं, स्लॅब पडला तेव्हा मी फोनवर बघत होतो आणि मध्येच नेट गेलं. त्या स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारत होतं? गवंड्याने सिमेंट कमी टाकलं तेव्हा त्याच्यासमोर पदर खोचून उभं कोण राहिलं? वादळात पत्रे उडाले तेव्हा माझ्या आईला घेऊन शाळेत रात्र कुणी काढली? मी इतकी वर्षं जे जे उभं केलं ते काम झाल्यावर उतरवून टाकलं, तो माझा धंदाच आहे. उभं राहिलेलं जे आहे ते तिने राखलेलं आहे. हे मला कळलं आणि राग कुठं गेला ते समजलंच नाय. उलट असा हुरूप आला की तसाच फिलिपभाऊंच्या खोलीवर गेलो आणि बोललो, करा कागद, सुगंधा अनंत मांडवकर, पूर्ण नाव लिहा.

मग काय, यल्ला, म्हणजे हितल्या बोलीत चला! धावपळ सुरू. रफीकने तालुक्याचा वकील गाठला. वकील बोलला, जागा गावठाणाला लागून आहे, होईल, घराचा तुकडा मोजून नकाशा करून घेऊ, बक्षीसपत्र करू, पण खाला स्वतः येऊ शकत नसेल तर तिने रफीकला मुखत्यारपत्र द्यावं, म्हणजे रफीक तिच्या वतीने सही करेल, आणि ते मुखत्यारपत्र तिकडच्या आपल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं पाहिजे. मसुदा व्हॉट्सॲपवर आला. फिलिपभाऊंनी नीट टाइप करून प्रिंट काढून दिला. मी परत शारजा.

आणि हितं मी गाढवपणा केला. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला कशाला दुबईला फिरवायचं, सही तर करायचीय. खालाला पण घाई, तिने चष्मा लावला, उर्दूत अशी सुंदर सही केली प्रत्येक पानावर, हळूहळू, मोती टाकल्यासारखी. मी तो कागद छातीशी धरून रुवैसला आलो, फिलिपभाऊंच्या टेबलावर ठेवला, बोललो, झालं काम. त्यांनी कपाळावर हात मारला. बोलले, अरे, घरी केलेली सही काय कामाची, अधिकाऱ्यासमोर करायची असते, त्याने बघायचं असतं की हीच ती बाई आहे आणि ती आपल्या मर्जीने करतेय, त्याच्यासाठी तर एवढा खटाटोप. तो कागद गेला वाया. परत प्रिंट, परत अपॉइंटमेंट, आणि दोन साक्षीदार पासपोर्ट घेऊन पाहिजेत. फिलिपभाऊंनी स्वतःची सुट्टी टाकली, बोलले, तुला एकट्याला पाठवलं तर तू अजून काही तरी करून येशील.

त्या दिवशी काय थाट! खालाने नवा अबाया घातला, अत्तर लावलं, इरफानभाईंनी गाडी काढली, मागं व्हीलचेअर टाकली, पुढं खाला, मागं मी आणि फिलिपभाऊ. एक साक्षीदार फिलिपभाऊ, दुसरा खालाच्या बिल्डिंगमधला एक शेजारी, तो मागून आला. मी वाटेत नुसता खिडकीतून बघत होतो. वकिलातीच्या सेंटरवर टोकन, फोटो, मग आत बोलावलं. अधिकारी तरुण होता, हिंदी बोलणारा, सगळे कागद वाचले, मग खालाकडं वाकून विचारलं, माँजी, किसी के दबाव में तो नहीं दे रही हैं, समझ के दे रही हैं ना? खालाने व्हीलचेअरमध्ये पाठ ताठ केली. बोलली:

दी तो मेरे अब्बा ने थी बेटा, मैं तो बस लिख के दे रही हूँ.

तो अधिकारी एकदम हसला, आणि पेन तिच्या हातात दिलं. मी रडलो हो. लाजायचं काय त्यात, रडलो. फिलिपभाऊ माझ्या पाठीवर थापटत होते आणि त्यांचे पण डोळे ओले.

मग तो कागद कुरियरने गावाला, तिकडं त्याच्यावर मुदतीत मुद्रांक लावून घ्यायचा असतो ते वकिलाने केलं, आणि रजिस्ट्रेशनची तारीख लागली. आता गंमत ऐका. ज्या दिवशी तिकडं माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कागद होणार, त्या दिवशी मी हितं टॉवरवर, आणि रिफायनरीच्या आत मोबाइल न्यायला बंदी, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिकडं काय चाललंय काय कळायला मार्ग नाय. वरून मला समुद्र दिसत होता, आणि मी मनात बोलत होतो की आता ती एसटीत बसली असेल, आता उतरली असेल, आता नंबर आला असेल. फोरमन बोलला, मांडवकर, आज तू दोनदा तोच क्लॅम्प चेक केलास. बोललो, साहेब, आज मी सगळंच दोनदा चेक करणार.

ड्युटी सुटली आणि मी गेटकडं पळालो, सेफ्टी शूज घालून, ह्या वयात. लॉकर उघडला तर सुगंधाचे आवाजी मेसेज, एकाखाली एक. पहिल्यात बोलते, लाइट गेलीय, सगळे बाहेर बसलोय. दुसऱ्यात, लाइट आली. तिसऱ्यात, अहो माझा अंगठा मशीन घेत नाय, भांडी घासून रेषा गेल्यात म्हणतात, आता काय करू. मी तिथंच जमिनीवर बसलो. चौथा लावला. त्यात ती बोलते, दुसरं बोट घेतलं. फोटो काढला. झालं. आणि मग नुसता तिचा श्वास, आणि मागं रफीक कुणाला तरी पेढे देतोय त्याचा आवाज. मी तो मेसेज किती वेळा ऐकला असेल, देवाला ठाऊक. बसमधल्या सगळ्या माणसांना ऐकवला, त्यात बंगाली होते, पाकिस्तानी होते, एक नेपाळी होता, कुणाला मराठी कळत नाय, पण सगळे मुबारक मुबारक बोलले.

पुढं तलाठ्याकडं फेरफार, नोटिशीची मुदत, कुणाची हरकत आली नाय, आणि गेल्या आठवड्यात फिलिपभाऊंनी परत तीच वेबसाइट उघडली. ह्या वेळी मी स्वतः नंबर टाकला. आमच्या तुकड्याचा वेगळा सातबारा, आणि त्यावर सुगंधा अनंत मांडवकर. मी जैनबखालाला फोन केला, बोललो, खाला, तुमच्यामुळं झालं. ती बोलली, माझ्यामुळं नाय, आता सांदणं घेऊन ये, ह्या वेळी तू आण. देव तिला उदंड आयुष्य देवो, माझं उरलेलं थोडं काढून देवो.

आणि काल सुगंधाचा फोन आला. तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नापासून हिने मला विचारल्याशिवाय कधी खुंटी पण ठोकली नाय. अहो रंग कुठला देऊ, अहो ओटा किती उंच करू, अहो शेवगा तोडू का, मी हितून बोलायचो तसं व्हायचं. काल बोलली, अहो, मी मागल्या बाजूला पडवी काढतेय, गवंडी उद्यापासून येतोय, पावसात मला कपडे वाळत घालायला जागा नाय. मी सवयीने बोललो, थांब जरा, मी सुट्टीला आलो की बघू. तर ती बोलली, विचारत नाय हो, सांगतेय.

काय सांगू तुम्हाला, एक क्षण छातीत कुठं तरी हललं. आणि मग असं हसू आलं, असं हसू आलं, की रूममधली माणसं उठून बसली. पलीकडं ती पण हसत होती. मी बोललो, काढ सुगंधा, मोठी काढ. मला सुट्टीत झोपायला एक खाट मावेल एवढी जागा ठेव, म्हणजे झालं.